पाऊस थांबणार नाही ना?

जूनचा शेवटचा रविवार होता. सकाळची मिस्सा संपली आणि आम्ही सगळे चर्चच्या पोर्चमध्ये अडकलो. बाहेर धो धो पाऊस. कुणाचे कपडे चार दिवस वाळले नव्हते, कुणाच्या भिंतीला ओल आली होती, कुणाची स्कूटर सुरू होत नव्हती. प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य : "कधी थांबतोय की हा!"

मी पण त्यातलाच. समज आल्यापासून हे वाक्य म्हणत आलोय. पण त्या दिवशी ते ओठावर आलं आणि तिथंच राहिलं. मला माझी नात आठवली. तिनं एकदा मला याच्या नेमका उलटा प्रश्न विचारला होता.

वाचकहो, त्या प्रश्नाची गोष्ट सांगावी म्हणून आज पेन हातात घेतलं. गोष्ट घरचीच आहे, पण आपल्यातल्या पुष्कळ घरांची मुलं आज परदेशी आहेत, म्हणून कदाचित ती तुमचीही असेल.

आधी आमच्या घराबद्दल सांगायला हवं. घर जुनं, माझ्या वडिलांनी बांधलेलं. मातीच्या जाड भिंती, वर मंगलोरी कौलं. 2019 च्या ऑगस्टमध्ये बेळगाव जिल्ह्यात पावसानं काय केलं ते आपण सगळ्यांनी भोगलं आहे. आमच्याकडे पाच-सहा दिवस संततधार होती. एका संध्याकाळी आमची मंडळी चहाचे कप घेऊन पुढच्या खोलीत आली आणि मागे स्वयंपाकघराची भिंत बसली. मी "पडली" म्हणत नाही, "बसली" म्हणतो. माणूस दमून खाली बसतो ना, तशी. आवाजसुद्धा फार मोठा झाला नाही. दोन मिनिटं ती तिथंच ओट्याशी उभी राहिली असती तर आज हा लेख मी लिहिला नसता.

तेव्हापासून पाऊस पडायला लागला की मला झोप लागत नाही. रात्री दोनदा-तीनदा उठतो, बॅटरी घेऊन एकेका भिंतीवर हात फिरवून बघतो. ही म्हणते, "अहो, भिंतीला ताप आलाय का?" हसण्यावारी नेते बिचारी, पण तिलाही कळतं.

आमचा धाकटा अमेरिकेत आहे. भिंत पडल्याचं कळल्यावर त्यानं एकच धोशा लावला, "पपा, घर विकून टाका. चांगला फ्लॅट घ्या. पैसे कमी पडले तर मी आहे." दर फोनला हेच. आणि जून लागला की आणखी एक प्रश्न असायचा : "पाऊस पडतोय का?" तो काळजीनं विचारतो असं मी धरून चाललो. म्हणून माझं उत्तर ठरलेलं, "थोडाथोडा आहे. काळजी करू नको. सगळं ठीक." आणि विषय बंद. मास्तरकी केलेल्या माणसाची ही एक खोड असते. प्रश्न पुरता ऐकायच्या आधी उत्तर तयार.

कोविडचं सगळं निवळल्यावर त्यानं आम्हा दोघांना तिकडं बोलावलं. अॅरिझोना राज्यातलं टूसॉन हे गाव. मेक्सिकोची सरहद्द तिथून तासा-सव्वातासावर. सरहद्दीवर राहायची सवय आम्हा बेळगावकरांना आहेच, त्यामुळं त्याचं काही वाटलं नाही. गंमत म्हणजे उंचीसुद्धा आपल्यासारखीच, समुद्रसपाटीपासून साधारण अडीच हजार फूट. पण साम्य तिथंच संपलं. हे सोनोराचं वाळवंट. वाळवंट म्हणजे आपल्या डोळ्यासमोर येतात तशा वाळूच्या टेकड्या नाहीत. खडकाळ जमीन, काटेरी झुडपं आणि माणसानं हात वर करून उभं राहावं तसे दिसणारे ते उंचच्या उंच सवारो निवडुंग.

आम्ही पोचलो जूनच्या मध्याला. पारा बेचाळीसच्या वर. हवेत ओल अशी नाहीच. हिनं पहिल्या दिवशी धुतलेली साडी बाहेर टाकली, ती अर्ध्या तासात कडक वाळली. "पापडांना काय छान गाव आहे हो!" ही म्हणाली. दोन दिवसांनी ओठ फुटले, नाकात रक्ताची खपली धरायला लागली, तेव्हा पापडांचं कौतुक संपलं.

मी मुलाला म्हटलं, "नदी तरी दाखव." त्यानं गाडी काढली आणि एका लांबलचक पुलावर नेलं. खाली बघतो तर नुसती वाळू. पुलावर पाटी होती, रिलीटो नदी म्हणून. खाली वाळूत एक माणूस कुत्र्याला फिरवत होता.

"पाणी कधी येतं?"

"पाऊस झाला की येतं, पपा. काही तास असतं. मग परत वाळू."

आकडे सांगतो म्हणजे अंदाज येईल. टूसॉनला वर्षाकाठी सरासरी 280 मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. बेळगाव शहरात बाराशे-तेराशे, आणि आमच्या खानापूर तालुक्यात कणकुंबीच्या बाजूला तर त्याच्याही कितीतरी पट. तिथला वर्षाचा निम्मा पाऊस जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत येतो, आणि त्याचाही भरवसा नाही. 2020 साली सगळ्या पावसाळ्यात मिळून 41 मिलीमीटर पडला. आपल्याकडे एका रात्रीत एवढा पडतो आणि आपण सकाळी कूस बदलतो. पुढच्याच वर्षी, 2021 ला, तिथं 325 मिलीमीटर झाला. एकट्या जुलैत 205. तेवढा पाऊस एका महिन्यात त्या गावाच्या नोंदीत आधी कधीच नव्हता.

आणि या पावसाला ते काय म्हणतात माहीत आहे? मॉन्सून! मला आधी वाटलं मुलगा आम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणतोय. पण खरंच तोच शब्द. मूळ अरबी "मौसिम", म्हणजे ऋतू. त्याच शब्दाचा आपला "मोसम". अरबी खलाशांकडून तो पोर्तुगीजांकडे गेला, मग इंग्रजीत, आणि तिथून या वाळवंटात पोचला. कारणही पटण्यासारखं आहे. उन्हाळ्यात जमीन भाजून निघते, वाऱ्यांची दिशा बदलते आणि दक्षिणेकडून, मेक्सिकोच्या बाजूनं, समुद्रावरची ओल वर चढते. दुपारी डोंगरावर ढग फुगतात आणि संध्याकाळी फुटतात. 15 जून ते 30 सप्टेंबर हा त्यांचा सरकारी पावसाळा. मराठी शिकवून रिटायर झालेल्या माणसाला एवढ्या लांब आपला मोसम भेटला याचा आनंद झाला.

नात तेव्हा सहा वर्षांची. तिला आम्ही "बाय" म्हणतो. हिनं तिच्यासाठी खडेबाजारातून पिवळा रेनकोट नेला होता. बायला तो इतका आवडला की ती तो घालून घरभर फिरायची, जेवायला बसायची, एकदा त्यातच झोपली. बाहेर ऊन रणरणतंय आणि ही पोर रेनकोट घालून टीव्ही बघतेय. बघून हसू यायचं आणि थोडं वाईटही वाटायचं.

24 जूनला आपल्याकडे काय असतं ते सांगायला नको. गोव्यात सांजांव. डोक्यावर फुलापानांची कोपेल घालून पोरं विहिरीत उड्या मारतात, नव्या जावयाचा मान असतो, पहिल्या पावसानं विहिरी भरलेल्या असतात. माझी आई मूळची गोव्याची, त्यामुळं लहानपणी मीही त्या उड्या मारल्या आहेत. टूसॉनला संत योहान बाप्टिस्टाचा हाच सण "दिया दे सान हुआन" म्हणून पाळतात, आणि तो त्यांच्या पावसाळ्याचा पहिला दिवस मानतात. कोरोनाडो नावाचा स्पॅनिश सरदार 1540 साली त्या भागात आला, त्यानं या दिवशी गुडघे टेकून पावसासाठी प्रार्थना केली आणि पाऊस आला, अशी तिथली दंतकथा. पूर्वी लोक सांताक्रूझ नदीवर जाऊन आंघोळी करत. आता त्या नदीला बहुतेक वेळ पाणीच नसतं, पण संताची मूर्ती घेऊन मिरवणूक निघते. आम्ही गेलो होतो. मूर्तीमागून चालताना मी वर बघितलं. आकाश निळं, कोरडं, एक ढग नाही. तरी माणसं आनंदानं गात चालली होती. विहिरी भरल्यावर सांजांव साजरा करणं सोपं आहे. कोरड्या नदीकाठी तो साजरा करणारी माणसं मी पहिल्यांदा बघितली.

दुसऱ्या रविवारी मुलानं आम्हाला गावापासून पंधरा-सोळा किलोमीटरवरच्या जुन्या चर्चला नेलं. पांढरंशुभ्र, तपकिरी माळावर एकटंच उभं. नाव ऐकून ही जागच्या जागी थांबली : सान झेवियर. आपल्या ओल्ड गोव्याच्या संत फ्रान्सिस झेवियरचं नाव! फादर किनो या जेझुइट धर्मगुरूनं 1692 साली हे मिशन सुरू केलं. आताची इमारत 1783 ते 1797 या काळातली. आत एका बाजूच्या वेदीवर संताची आडवी मूर्ती आहे, अंगावर पांघरूण. लोक रांगेनं येतात, मूर्तीच्या मानेखाली हात घालून डोकं हळूच उचलतात आणि मनातलं मागणं सांगतात. ही बराच वेळ तिथं उभी होती. बाहेर आल्यावर विचारलं, "काय मागितलंस?" तर म्हणाली, "पाऊस. बायचा रेनकोट वाया जायला नको."

ते चर्च तोहोनो ओओधाम या आदिवासी लोकांच्या जमिनीवर आहे. या नावाचा अर्थच वाळवंटातली माणसं. चर्चबाहेर मांडव घालून त्यांच्या बायका आपल्या पुरीसारखी मोठी, तळलेली रोटी विकतात. हे लोक जूनच्या अखेरीस लांब काठ्यांनी सवारो निवडुंगाची लाल फळं पाडतात, त्यांचा पाक आणि मद्य करतात आणि पावसाला बोलावणारी गाणी म्हणतात. त्यांचं नवं वर्ष तिथून सुरू होतं. म्हणजे ज्यांच्याकडे पाऊस सगळ्यात कमी, त्यांचं वर्षच पावसापासून मोजलं जातं.

मग आमची वाट बघणं सुरू झालं. रोज दुपारी उत्तरेला सांता कातालिना डोंगरावर पांढरे ढग चढायचे. बाय खिडकीशी जाऊन बघून यायची आणि सांगायची, "एक आहे, आजोबा. छोटा." बायबलमधल्या एलिया संदेष्ट्याची आठवण व्हायची. त्यानंही नोकराला पुन्हा पुन्हा समुद्राकडे बघायला पाठवलं, आणि सातव्या खेपेला तळहाताएवढा ढग दिसला. आमचा ढग मात्र संध्याकाळी विरून जायचा. एक दिवस तर ढगाखाली पावसाच्या करड्या रेघा स्पष्ट दिसल्या. मी म्हटलं, "आला!" मुलगा म्हणाला, "नाही पपा, तो खाली पोचतच नाही. हवा इतकी कोरडी की मधेच वाफ होते." त्याला तिथं "व्हर्गा" म्हणतात. पाऊस दिसतो, पण जमिनीला लागत नाही. आपल्या मराठीत याला शब्द नाही, कारण आपल्यावर कधी ती वेळच आली नाही.

जुलैचा पहिला आठवडा संपत आला होता. दुपारी चारच्या सुमाराला आकाश एकदम जांभळं झालं. वारा सुटला, धुळीचा लोट आला, अंगणातली खुर्ची उलटीपालटी होत कुंपणाला जाऊन आपटली. आणि मग वास आला. आपल्या मातीच्या वासासारखा नव्हे. जरा उग्र, औषधी, डांबरगोळीच्या जवळचा. तिथं क्रिओसोट नावाचं एक झुडूप सगळीकडे आहे. त्याच्या पानांवर चिकट राळ असते. ओल लागली की तिचा वास सुटतो. त्या गावातल्या माणसांना पाऊस म्हणजे हाच वास. सून ऑफिसचं काम करत होती, ती लॅपटॉप तसाच ठेवून दार उघडून उभी राहिली. डोळे मिटून.

पहिले थेंब पडले ते रुपयाएवढे. मग एकदम कोसळलाच. वीज चमकत होती तोपर्यंत मुलानं कुणाला व्हरांड्यातून खाली उतरू दिलं नाही. गडगडाट डोंगरापलीकडे गेल्यावर बराच वेळ थांबला आणि मग म्हणाला, "जा!"

बाय सुटली. अनवाणी, फ्रॉकवर. ही मागून ओरडली, "अगं, रेनकोट! रेनकोट घाल की!"

बाय लांबूनच ओरडली, "नको! त्यानं पाऊस लागत नाही!"

एवढे दिवस अंगावरून न काढलेला रेनकोट, आणि खरा पाऊस आला तेव्हा तिला तो नको होता. मुलगा गेला, सून गेली. शेजारचं म्हातारं जोडपं आपल्या अंगणात येऊन उभं राहिलं, समोरच्या घरातली दोन पोरं रस्त्यावर आली. आणि बघता बघता आमची मंडळी, गुडघ्यांचं ऑपरेशन झालेली, साडीचा ओचा खोचून पायऱ्या उतरली. "अहो, या की बाहेर!"

मी गेलो नाही. खरं सांगतो, मला जमलं नाही. छपरावर पावसाचा आवाज सुरू झाला आणि मी उठून दिवाणखान्याच्या मधोमध, भिंतींपासून लांब, खुर्ची ओढून बसलो. छताकडे बघत. घर मजबूत होतं, पक्कं होतं, मला ते कळत होतं. पण अंगाला ते कळत नव्हतं. बाहेर माझी माणसं हसत होती आणि मी आत बसून तीन वर्षांपूर्वीची ती भिंत बघत होतो.

तेवढ्यात एक आवाज आला. घुमल्यासारखा, लांबून मालगाडी यावी तसा. हा आवाज मी ओळखतो. आमच्या गावच्या ओढ्याला लोंढा येताना असाच आवाज येतो. मुलाच्या घरामागं कुंपणापलीकडे एक कोरडा ओढा आहे, तिथं त्याला "वॉश" म्हणतात. वर्षभर वाळू असते, बाय तिथं दगड वेचायला जायची. तिथली जमीन वरून सिमेंटसारखी घट्ट असते, पाणी मुरायला वेळ लागतो. त्यामुळं डोंगरात पडलेलं पाणी सगळं एकदम खाली येतं. मी काही विचार केला नाही. दाराशी छत्री होती ती उचलली आणि धावलो. सत्तरी ओलांडलेला माणूस जेवढा धावू शकतो तेवढा. "बाय! बाय! मागं फीर!"

बाय कुंपणाच्या अलीकडेच उभी होती. मुलानं तिचं मनगट घट्ट धरलं होतं. "पपा, आहे ती इथं. आम्ही कधीच खाली उतरत नाही." आणि आमच्या डोळ्यासमोर त्या वाळूवरून तपकिरी पाण्याची जीभ सरकत आली. पुढे पानं, काटक्या, फेस. दोन मिनिटांत ओढा काठोकाठ. मुलगा सांगत होता, तिथं रस्त्यावर असं पाणी आलं की सरकार आडवे फळे लावतं. ते ओलांडून कुणी गाडी घातली आणि अडकला, तर त्याला बाहेर काढायचा खर्च त्याच्याकडूनच वसूल करतात. कायदाच आहे तसा, आणि लोकांनी त्या कायद्याला नाव ठेवलंय "मूर्ख वाहनचालक कायदा". आपल्याकडे पुलावरून पाणी वाहत असताना मोटारसायकल घालणाऱ्यांसाठी असा एक हवा होता.

ही माझ्याकडे बघून हसायला लागली. "अहो, छत्री!" छत्री हातातच होती. मिटलेली. मी नखशिखांत भिजलो होतो आणि मला ते कळलंही नव्हतं. चष्म्यावरून पाणी गळत होतं. किती वर्षांनी मी असा भिजलो असेन? शाळेच्या ग्राउंडवर पोरांना वर्गात हाकलताना भिजायचो तेवढाच.

आता भिजलोच होतो, तर परत आत जायला काही कारण उरलं नाही. मी उभा राहिलो. पाऊस गार होता. इतक्या दिवसांत अंगाला पहिल्यांदा गार काही लागत होतं. बायनं माझं बोट धरलं, वर बघितलं आणि विचारलं,

"आजोबा, हा पाऊस थांबणार नाही ना?"

तेहतीस वर्षं वर्गावर उभं राहून पोरांच्या प्रश्नांना उत्तरं दिली. याला उत्तर सापडेना. आयुष्यभर मी पावसाला थांब म्हणत आलो. आणि ही पोर त्याला हात जोडत होती, थांबू नको म्हणून. मी म्हटलं, "पडेल की अजून थोडा वेळ, बाय." पाऊस एकूण चाळीस मिनिटं होता. ती सगळीच्या सगळी चाळीस मिनिटं त्या घरातलं कुणी आत गेलं नाही.

नंतर हिनं कांदाभजी तळली. आम्ही टॉवेल गुंडाळून व्हरांड्यात बसलो. मुलगा चहाचा कप हातात घेऊन पागोळ्यांकडे बघत होता. बराच वेळ गप्प. मग म्हणाला,

"पपा, मी जूनमध्ये फोन करून विचारतो ना, पाऊस पडतोय का म्हणून? तुम्ही लगेच म्हणता, काळजी करू नको."

"मग?"

"मी काळजीनं नाही हो विचारत. मला वाटायचं, तुम्ही फोन जरा बाहेर धराल. कौलांवरचा आवाज ऐकायचा असतो मला. इथं छपरावर तसा आवाजच येत नाही."

हिचा झारा कढईत तसाच राहिला. मी काही बोललो नाही. इतकी वर्षं मुलगा एक साधी गोष्ट मागत होता आणि मी त्याला धीर देत बसलो होतो. थोड्या वेळानं मी म्हटलं, "मग घर विक, घर विक असा माझ्या मागं का लागलास रे?"

"भिंत पडली म्हणून. ममी मधे सापडली असती तर?" तो म्हणाला. "तुम्ही दोघं महत्त्वाचे, पपा. आवाज काय..." आणि वाक्य तसंच सोडून दिलं.

त्या रात्री अंगणापलीकडच्या डबक्यांतून मेंढ्या ओरडल्यासारखा कालवा सुरू झाला. सून म्हणाली, बेडूक आहेत. वर्षातला बराचसा काळ जमिनीखाली गाडून घेऊन राहतात. पावसाचा, गडगडाटाचा हादरा जमिनीला बसला की वर येतात, आणि एका रात्रीत अंडी घालतात. पिल्लांना घाई असते, डबकं आटायच्या आत, आठ-दहा दिवसांत, पाय फुटून बाहेर पडायचं. मी पडल्यापडल्या तो कालवा ऐकत होतो. छतावर उरलेलं पाणी टपटपत होतं. आणि मला झोप लागली. पाऊस पडलेल्या रात्री लागलेली ती तीन वर्षांतली पहिली झोप. सकाळी ही म्हणाली, "बॅटरी शोधली नाहीत ते?"

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा त्या रिलीटोच्या पुलावर गेलो. खाली पाणी होतं! गढूळ, पसरट, पण वाहणारं. आणि पुलाच्या कठड्याला टेकून माणसं नुसती नदी बघत उभी होती. म्हातारी, पोरं, कुत्री घेऊन आलेली, सायकलवाले. फेस्ताला यावं तशी. नदीत पाणी आहे, एवढंच बघायला आलेली. परत येताना मुलानं गल्लीतली एक गोष्ट दाखवली. रस्त्याकडेचा सिमेंटचा कठडा ठिकठिकाणी कापला होता, म्हणजे रस्त्यावरचं पाणी गटारात न जाता झाडाच्या आळ्यात उतरावं. पिण्याचं पाणी त्या गावाला कोलोरॅडो नदीतून पाचशेच्या वर किलोमीटर लांबीच्या कालव्यानं येतं, त्यामुळं वरून पडलेला थेंब सोडायला ती माणसं तयार नसतात. आपल्याकडे त्याच्या चौपटीहून जास्त पाऊस, आणि एप्रिल-मेमध्ये नळाला चार-चार दिवस पाणी नाही. कुणाला दोष देत नाही. माझ्याच परसात पन्हळीचं पाणी आजवर सरळ गटारात जात होतं.

ऑगस्टच्या शेवटी आम्ही परत आलो. घर विकलं नाही. गवंड्याला बोलावून मातीच्या भिंती काढल्या आणि चिऱ्याच्या घातल्या. गवंडी म्हणाला, "सर, आता वर स्लॅबच टाका, कटकट नको." मी म्हटलं, "भिंती तुला हव्या तशा बांध. वर मात्र कौलंच." त्याला कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हातारा चळला म्हणाला असता. पन्हळीचं पाणी आता विहिरीत सोडलंय.

माझी भीती गेली असं मी म्हणणार नाही. मोठा पाऊस झाला की अजून जाग येते. ज्यांच्या घरात पाणी शिरलं, ज्यांचं पीक कुजलं, त्यांच्याकडे जाऊन पाऊस किती छान असं सांगायचा शहाणपणा मी करणार नाही. ते दुःख मला ठाऊक आहे. पण एक मात्र शिकलो. जी गोष्ट आपल्या दारात पोत्यानं ओतली जाते, तिच्या एका ओंजळीसाठी कुणीतरी कुठंतरी कोरड्या नदीकाठी गात चाललेलं असतं. आणि कधीकधी ते कुणीतरी आपलंच पोर असतं.

तर त्या रविवारी चर्चच्या पोर्चमधून मी भिजतच घरी आलो. दहा वाजले होते, म्हणजे त्यांच्याकडे शनिवारची रात्र, साडेनऊ. फोन लावला. मुलगा "हॅलो" म्हणायच्या आत मी म्हटलं, "बोलू नको, ऐक," आणि फोन पडवीत वाशाखाली धरला. कौलांवर ताशा वाजत होता, पागोळ्या धो धो गळत होत्या. चांगली पाच मिनिटं धरला, हात भरून येईपर्यंत. मग कानाला लावला तर पलीकडे बाय होती. झोपेतून उठून आलेली.

"आजोबा, थोडा इकडे पाठवा ना."

"पाठवतो, बाय."

आतून ही ओरडली, "सगळा नका पाठवू! लावणी व्हायचीय अजून!"